ताज्या लाव्ह्यापर्यंत एका दिवसाची पायपीट: सोलापूरहून आइसलँडला निघण्याआधी

सोलापुरात कुठेही विहीर खणायला घेतली की थोड्याच खोलीवर काळा कातळ लागतो. हा लाव्हाच, फक्त सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी गार झालेला. भुईकोट किल्ल्याच्या तटातला काळा दगडही त्याच कुळातला. हाच काळा दगड, म्हणजे बेसॉल्ट, जेमतेम चार-पाच वर्षांपूर्वी थिजलेला बघायचा असेल, तर आइसलँडच्या नैऋत्य टोकाला रेक्यानेस द्वीपकल्पावर फाग्रादाल्सफ्याल नावाचा डोंगर आहे. गाईडसोबत सकाळी निघून संध्याकाळी परत येण्याजोगी ही चाल आहे. उंची फक्त ३८५ मीटर. चढायला अवघड अजिबात नाही. लोक अडतात ते वारा, ओले कपडे आणि चुकीच्या जागी बसणं या तीन गोष्टींमुळे.

हाच ज्वालामुखी का

सगळे ज्वालामुखी चढून बघण्याचे नसतात. जपानचा ओंताके २७ सप्टेंबर २०१४ ला भर दुपारी फुटला तेव्हा माथ्यावर गिर्यारोहकांची गर्दी होती. मृत आणि बेपत्ता मिळून ६३ जण गेले. न्यूझीलंडच्या व्हाकारी बेटावर ९ डिसेंबर २०१९ ला ४७ जण होते, त्यातले २२ दगावले. सुमात्रातल्या मरापीने डिसेंबर २०२३ मध्ये २४ गिर्यारोहकांचा बळी घेतला. या डोंगरांमध्ये खाली अडकलेली वाफ किंवा वायू अचानक स्फोटासारखा बाहेर पडतो, आणि त्याची सूचना मिळेलच असं नाही.

फाग्रादाल्सफ्यालचा स्वभाव वेगळा. इथला बेसॉल्टचा वितळलेला रस पातळ असतो, त्यातला वायू सहज सुटतो, म्हणून स्फोट होण्याऐवजी जमिनीला लांब भेग पडते आणि लाव्हा वाहत सुटतो. आपलं दख्खनचं पठारही असंच भेगांमधून थरावर थर साचून झालं. द्वीपकल्प सुमारे ८०० वर्षं शांत होतं. १९ मार्च २०२१ च्या रात्री गेल्डिंगादालिर या खोलगट दरीत भेग उघडली आणि लाव्हा सप्टेंबरपर्यंत वाहत राहिला. ३ ऑगस्ट २०२२ ला शेजारच्या मेरादालिर दरीत दुसरा उद्रेक झाला, तो अठरा-एकोणीस दिवसांत संपला. तिसरा १० जुलै २०२३ ला लित्ली-ह्रूतुर या टेकडीजवळ सुरू झाला आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात थांबला.

त्यानंतर जमिनीखालचा रस पश्चिमेकडे सरकला. १० नोव्हेंबर २०२३ ला ग्रिंडाविक हे मासेमारीचं गाव रिकामं करावं लागलं, आणि डिसेंबर २०२३ ते ऑगस्ट २०२५ या काळात गावाजवळच्या सुंधन्यूकुरच्या भेगेतून नऊ उद्रेक झाले. तो भाग चालत जायचा नाही. बातम्यांमध्ये ‘आइसलँडचा ज्वालामुखी’ म्हणून दिसतो तो बहुतेक वेळा हाच. गाईड तुम्हाला नेतात ते त्याच्या पूर्वेच्या, आता शांत असलेल्या फाग्रादाल्सफ्यालला. बुकिंग करताना हा फरक डोक्यात ठेवा. लाल लाव्हा दिसेल अशा आशेने पैसे भरलेत तर निराश व्हाल. दिसतो तो काळा लाव्हा, विझलेलं विवर आणि भेगांमधून निघणारी वाफ.

कागदपत्रं आणि तारखा

आइसलँड शेंगेन देशांपैकी, म्हणजे एकाच सामाईक व्हिसावर चालणाऱ्या युरोपीय देशांपैकी, आहे. व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी द्यावाच लागतो. प्रत्यक्षात अडीच-तीन महिने हाताशी ठेवा, कारण उन्हाळ्यात अपॉइंटमेंटच मिळत नाही. मोठ्यांची फी ९० युरो. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत दिलेला, परतीनंतर किमान तीन महिने वैध आणि दोन कोरी पानं असलेला लागतो. नवीन काढायचा किंवा नूतनीकरण करायचं असेल तर सोलापुरातच पोस्टातल्या पासपोर्ट केंद्रात काम होतं. बोटांचे ठसे द्यायला मात्र अर्ज केंद्रात स्वतः जावं लागतं. अपॉइंटमेंट मुंबईची आणि सकाळची मिळाली तर सिद्धेश्वर एक्स्प्रेसने रात्री निघणं सोयीचं.

प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा असणं बंधनकारक आहे, पण तेवढं पाहून थांबू नका. पॉलिसीत ‘हायकिंग’ वगळलं आहे का आणि ‘ज्वालामुखीमुळे विमान रद्द’ याला भरपाई आहे का, या दोन ओळी शोधून वाचा. नसतील तर विकत घेण्यापूर्वीच कंपनीकडून ईमेलवर लिहून घ्या. फोनवर एजंट ‘हो साहेब, सगळं कव्हर आहे’ म्हणतो, त्याला काही अर्थ नाही.

या पायपिटीसाठी मे ते सप्टेंबर हा काळ बरा. जूनमध्ये एकवीस तासांहून जास्त उजेड असतो, डिसेंबरमध्ये जेमतेम चार-पाच तास. हिवाळ्यात जायचंच असेल तर बुटांखाली लावायचे लोखंडी काटे लागतात, बहुतेक गाईड ते पुरवतात.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पायपीट मुक्कामाच्या दुसऱ्या दिवशी ठेवा आणि पुढचा एक दिवस मोकळा सोडा. पोचल्याच दिवशी नको, कारण विमान बदलत येऊन शरीर थकलेलं असतं आणि भारताची वेळ तिथल्या वेळेच्या साडेपाच तास पुढे असते. मोकळा दिवस यासाठी की वाऱ्यामुळे सहल रद्द होणं तिथे नेहमीचं आहे. शेवटच्या दिवशी ठेवलेली सहल रद्द झाली तर ती गेलीच.

गाईड निवडताना काय विचारायचं

आइसलँडमध्ये दिवसाच्या सहली चालवायला तिथल्या पर्यटन मंडळाचा परवाना लागतो, आणि परवाना घेणाऱ्याकडे लेखी सुरक्षा आराखडा असावा लागतो. म्हणून पहिला प्रश्न परवान्याचा. दुसरा, गाईडकडे वायू मोजायचं यंत्र असतं का. तिसरा, एका गाईडमागे किती माणसं. बारा-पंधरापर्यंत ठीक, त्यापुढे मागचा माणूस काय करतोय ते पुढच्याला दिसत नाही. चौथा, वाट बंद झाली किंवा वारा वाढला तर पैसे परत, दुसरी तारीख की दुसरी जागा? याचं उत्तर लेखी घ्या. आणि कोणत्या वाटेने नेणार, एकूण किलोमीटर किती, हेही विचारा. ‘ज्वालामुखी हाइक’ या एकाच नावाखाली दोन-तीन तासांत लाव्ह्याच्या जिभेपर्यंत जाऊन येणारी सोपी वाट, धारेवर चढून विवर दाखवणारी आठ-दहा किलोमीटरची वाट आणि लित्ली-ह्रूतुरपर्यंतची जवळजवळ वीस किलोमीटरची वाट असं सगळंच विकलं जातं. सोलापूरहून पहिल्यांदा जाणाऱ्याने मधली घ्यावी. लांबच्या वाटेत दृश्य फार वाढत नाही, थकवा मात्र दुप्पट होतो.

स्वतः गाडी चालवून, गाईडशिवाय जाता येतं का? येतं. ४२७ क्रमांकाच्या रस्त्यावर पैसे देऊन गाडी लावायच्या जागा आहेत आणि वाटही ठळक आहे. पण वायू, वारा आणि लाव्ह्याच्या कडेचा अंदाज पहिल्या भेटीत येत नाही. गाईडचे पैसे त्यासाठी द्यायचे.

सराव सोलापुरात कसा करायचा

शहर सपाट आहे, ही अडचण खरी. पण या चालीत एकूण चढ तीनशे मीटरच्या आसपास आहे, तेवढ्याला आठ आठवडे पुरतात. आठवड्यातून चार दिवस पहाटे कंबर तलावाच्या बाजूला पाच-सहा किलोमीटर भरभर चाला. दोन दिवस पार्क स्टेडियमच्या पायऱ्या: दहा मिनिटांपासून सुरुवात, दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवा. पाचव्या आठवड्यापासून पाठीवर पाच किलोची सॅक घ्या. उतरण्याचा सराव मुद्दाम करा, कारण तिथे पाय घसरतात ते परतीच्या घसाऱ्यावर. छोटी पावलं, गुडघा किंचित वाकलेला, वजन टाचेपेक्षा तळपायाच्या मध्यावर. एप्रिल-मेमध्ये हे सगळं सकाळी सातच्या आत उरका.

एकदा पुण्याला जाऊन आतकरवाडीतून सिंहगड चढून या. तो चढ फाग्रादाल्सफ्यालच्या जवळपास दुप्पट आहे. न थांबता नाही, पण धाप न लागता दीड तासात वर पोचलात तर तब्येतीची चिंता नको.

बूट घोट्याच्या वर येणारे, जाड खाचांच्या तळाचे आणि अर्धा नंबर मोठे घ्या. उतरताना बोटं पुढे सरकतात, नेमके बूट घेतले तर अंगठ्याचं नख काळं पडतं. ते घालून सोलापुरातच चाळीस-पन्नास किलोमीटर चालून घ्या. नवेकोरे बूट विमानातून नेणं म्हणजे फोडांना आमंत्रण.

अंगावर काय घालायचं

सोलापूरकराला थंडी म्हटली की स्वेटर आणि चादर आठवते. दोन्ही इथे निरुपयोगी, कारण आइसलँडमध्ये थंडीपेक्षा वारा जास्त त्रास देतो. रेक्याविकला, म्हणजे आइसलँडच्या राजधानीत, जुलैतही दिवसा साधारण १२-१३ अंश असतात. हवा ५ अंश आणि वारा सेकंदाला १५ मीटर असेल तर उघड्या कातडीला उणे एक-दोन अंशांसारखं लागतं. तिथे वाऱ्याचा वेग मीटर प्रति सेकंदात सांगतात, त्याला ३.६ ने गुणलं की ताशी किलोमीटर मिळतात: १० म्हणजे ३६, १५ म्हणजे ५४, २० म्हणजे ७२. अंदाज १५ च्या पुढे असेल तर सहल रद्द होण्याची तयारी ठेवा. २० ला धारेवर उभं राहणंच कठीण होतं.

कपडे तीन थरांत. अंगालगत लोकरी किंवा सिंथेटिक थर्मल, त्यावर फ्लीस (मऊ, लवदार सिंथेटिक जाकीट), सगळ्यात वर टोपी असलेलं खरं वॉटरप्रूफ जाकीट. पँटवर चढवायची वॉटरप्रूफ पँटही हवी, ती लोक हमखास विसरतात. सुती काही नको: बनियन नको, जीन्स नको, सुती मोजेही नकोत. सुती कापड घाम धरून ठेवतं, चढावर भिजतं आणि धारेवर वारा लागला की अंगातली ऊब ओढून घेतं. कानटोपी, दोन जोड हातमोजे (एक भिजतोच) आणि गॉगल. गॉगल उन्हासाठी कमी, वाऱ्यासोबत उडणाऱ्या काचेरी कणांसाठी जास्त. पोंचो आणि छत्री घरीच ठेवा, पहिल्या झोतात दोन्ही उलटतात. हे सामान पुण्यात मिळतं, रेक्याविकमध्ये भाड्यानेही मिळतं. बूट मात्र भाड्याने घेऊ नका.

डबा

दीड लिटर पाणी, थर्मासमध्ये चहा आणि थेट खाता येईल असं काही. ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगाचटणी इथे उत्तम चालते. कोरडी, हलकी, थंडीत घट्ट होत नाही, हातमोजे न काढता खाता येते. भाकरी स्टीलच्या डब्यात, चटणी दुहेरी पिशवीत आणि चेक-इन बॅगेत. मांस आणि दुधाचे पदार्थ युरोपाबाहेरून नेण्यावर बंदी आहे, म्हणून पेढे, खवा आणि तूप घरीच राहू द्या. हॉटेलातलं नळाचं पाणी थेट पिण्याजोगं असतं. लाव्ह्याजवळची डबकी, ओहोळ किंवा बर्फ मात्र कधीही नाही, वायूंमधलं फ्लोराइड त्यात उतरलेलं असू शकतं.

तो दिवस

मध्य रेक्याविकमध्ये मोठ्या गाड्या हॉटेलच्या दारात येत नाहीत. ठरलेल्या, क्रमांक दिलेल्या बसथांब्यांवर उभं राहावं लागतं. आपला क्रमांक आदल्या संध्याकाळी चालत जाऊन बघून ठेवा आणि दहा मिनिटं आधी पोचा. गाडी थांबत नाही. निघण्यापूर्वी शौचाला जाऊन या, वाटेत आडोसाही नाही आणि झाडही नाही. तासाभरात गाडी डोंगराच्या पायथ्याशी पोचते. उतरताना दार हाताने घट्ट धरा, वाऱ्याने दारं उखडण्याचे प्रकार तिथे घडतात.

चालायला लागल्यावर पहिल्या दहा मिनिटांत थोडी थंडी वाजली पाहिजे. वाजत नसेल तर कपडे जास्त झालेत. चढाच्या आधी फ्लीस काढून सॅकमध्ये ठेवा आणि धारेवर पोचण्याच्या दोन मिनिटं आधी, आडोसा असतानाच, परत घाला. वर पोचून वाऱ्यात जाकीट काढायला गेलात तर ते हातातून सुटतं, आणि सुटलं की पकडायला धावू नका.

वाटेच्या दोन्ही बाजूंना करड्या-हिरव्या शेवाळाची जाड गादी दिसेल. त्यावर पाय ठेवू नका, उमटलेला ठसा भरून यायला वर्षानुवर्षं लागतात. २०२३ च्या उद्रेकात हेच शेवाळ पेटलं होतं आणि लाव्ह्यापेक्षा त्याच्या धुरानेच लोकांना जास्त छळलं.

मग लाव्ह्याची कड येते. इथे पाच मिनिटं नुसतं बघा. काही ठिकाणी पृष्ठभाग गुळगुळीत, तापत्या दुधावरची साय बोटाने सरकवल्यासारखा घड्या पडलेला असतो, तो पाहोहो. काही ठिकाणी ओबडधोबड, धारदार ढेकळांचा ढीग, तो आआ. दोन्ही नावं हवाई बेटांवरची. रस तोच असतो. वेग, उतार आणि गार होण्याची गती बदलली की रूप बदलतं. जवळ वाकून दगड पाहिलात तर वरच्या पापुद्र्यावर काचेची निळसर-चंदेरी चमक आणि आत सुईच्या टोकापासून वाटाण्याएवढे बुडबुडे दिसतात, रिकामे. आपल्याकडच्या काळ्या पाषाणात हेच बुडबुडे पांढऱ्या खनिजांनी भरलेले सापडतात. तेवढ्या एका फरकात सहा कोटी वर्षं आहेत. हात लावायचा तर हातमोजा घालून. पापुद्र्याची कड ब्लेडसारखी कापते आणि कण जखमेत राहतो.

लाव्ह्यावर चढायचं नाही. फोटोसाठी दोन पावलंही नाहीत. हा नियम सगळ्यात जास्त मोडला जातो, कारण दगड थंड आणि घट्ट वाटतो. थर वरून हळूहळू गार होतो. हवाईत पाहोहो लाव्ह्यावर केलेल्या मोजमापांच्या हिशेबाने पहिल्या वर्षात वरचं कवच साधारण सात मीटर जाड होतं आणि चार वर्षांत पंधराच्या आसपास. गेल्डिंगादालिरमध्ये लाव्हा काही ठिकाणी शंभर मीटरहून जाड साचला आहे, म्हणजे पोटात अजून धग आहे. पण खरा धोका पोकळीचा. आतला रस पुढे वाहून गेला की वर छत उरतं, ते कुठे मीटरभर असतं, कुठे दोन बोटं, आणि वरून ओळखता येत नाही. विवराच्या कडाही अशाच सैल रचलेल्या असतात. २०२१ मध्ये उद्रेक चालू असतानाच त्या ढासळल्या होत्या.

डबा कुठे उघडायचा, हेही गाईडला विचारा. वाऱ्याने बेजार झालेला माणूस आपोआप खळग्यात जाऊन बसतो, आणि नेमकी तीच जागा धोक्याची. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असतो, वारा पडला की तो खोलगट जागेत साचतो आणि त्याला वास नसतो. उद्रेक चालू असताना हा धोका मोठा, थंडावल्यावर कमी, पण भेगा आणि वाफेच्या जागांजवळ सवय तीच ठेवायची: उंचवट्यावर, वारा पाठीवर घेऊन, वाफ समोरच्या दिशेला. खळग्यात डोकं दुखायला लागलं किंवा गरगरलं तर ‘जरा बसतो’ म्हणू नका, उठून वर चला. जळक्या काडेपेटीसारखा घशाला झोंबणारा वास सल्फर डायऑक्साइडचा, कुजक्या अंड्याचा वास हायड्रोजन सल्फाइडचा. कोविडच्या काळातला एन-९५ मास्क धूळ अडवतो, वायू नाही. दमा असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, पंप जाकिटाच्या आतल्या खिशात ठेवा आणि गाईडला सकाळीच सांगा.

फोनही आतल्याच खिशात. थंडीत बॅटरी चाळीस टक्क्यांवरून थेट बंद पडते. आणीबाणीचा क्रमांक ११२. त्याचं अ‍ॅप आधीच घेऊन ठेवा, त्यातून तुमची जागा बचावपथकाला कळते.

परतीला घाई होते, आणि घसाऱ्यावर पडण्याचे बहुतेक प्रकार तेव्हाच घडतात. पुढच्या माणसापासून चार-पाच पावलांचं अंतर ठेवा आणि खाली कोणी असेल तर थेट त्याच्या रेषेत उतरू नका. दगड सुटला तर ओरडा, मराठीत ओरडलात तरी चालेल, लोक वर बघतात.

तुमच्या मुक्कामातच नवा उद्रेक झाला तर

पहिले काही दिवस पोलीस भाग बंद ठेवतात. नवी भेग कुठे उघडेल आणि वायू कुठे जाईल ते कळेपर्यंत कोणीही तिकडे जात नाही. बंद वाटेवरून कोणी नेतो म्हणाला तर त्याच्याकडे परवाना नाही असं समजा. सहल रद्द झाल्याचा मेल, विमान कंपनीचा मेल आणि हॉटेलची पावती त्याच दिवशी एका फोल्डरमध्ये ठेवा, विम्याचा दावा कागदावरच चालतो. विमानं बंदच पडतात असं नाही. २०१० मध्ये एयाफ्यात्लायोकुलच्या राखेने युरोपचं आकाश बंद केलं होतं, पण त्या उद्रेकात बर्फाचं पाणी आणि स्फोट होते. भेगेतून वाहणाऱ्या लाव्ह्यातून तेवढी राख उडत नाही.

हॉटेलवर आल्यावर

बूट नळाखाली धरून शिवणीतले काळे कण ब्रशने काढा. ते काचेचे असतात आणि राहिले तर पुढच्या दोन-तीन चालींत शिवण कापतात. हीटरवर बूट ठेवू नका, तळाचा डिंक सुटतो. आत वर्तमानपत्राचे बोळे भरून रात्रभर उभे ठेवा आणि झोपण्यापूर्वी एकदा बोळे बदला. जाकिटावरची धूळ कोरडी असतानाच झटका, ओली चोळलीत तर कापडाचा पाणी अडवणारा लेप खरवडून निघतो.